चौकटीत बसलेला डोळा

हातात पेन्सिल आहे का? मग वहीच्या कोपऱ्यात एक चौकट काढा. उभी हवी, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. आता चौकटीच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन आडव्या रेघा ओढा. तीन कप्पे झाले? शाबास! तुम्ही चिनी भाषेतलं एक अक्षर लिहिलंत, आणि तेही तीन हजार वर्षांपेक्षा जुनं.

त्याचा उच्चार आहे ‘मू’. आवाज उंच सुरू करायचा आणि झटकन खाली आणायचा. अर्थ आहे डोळा.

‘हा कसला डोळा? हे तर कपाट दिसतंय!’ असंच वाटलं ना? पण हे कपाट एके काळी खरोखर डोळ्यासारखं दिसायचं. चीनच्या हनान प्रांतात आन्यांग नावाचं शहर आहे. तिथे शांग घराण्याचे राजे राज्य करायचे, साधारण 3200 वर्षांपूर्वी. या राजांना काही प्रश्न पडला, पाऊस येईल का, पीक चांगलं होईल का, लढाई जिंकू का, की तो कासवाच्या कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर विचारला जाई. हाडाला चटका दिला की त्याला तडे जात. त्या तड्यांवरून उत्तर काढायचं आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा. पुढे ही हाडं जमिनीत गाडली गेली, शेतकऱ्यांना सापडू लागली, ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधांच्या दुकानात विकली गेली. 1899 साली वांग यीरोंग नावाच्या विद्वानाच्या लक्षात आलं की यांच्यावर ओरखडे नाहीत, अक्षरं आहेत! चीनची सगळ्यात जुनी लिपी अशी हाती लागली.

त्या हाडांवरचा ‘मू’ पाहिला तर तुम्ही लगेच ओळखाल. आडवा डोळा, दोन्ही बाजूंना निमुळते कोपरे, मध्ये बुबुळ. पुढे शेकडो वर्षं लिहिता लिहिता वळणं सरळ झाली, बुबुळाच्या दोन बाजूंच्या दोन रेघा उरल्या आणि डोळा चक्क उभा राहिला. उभा का? तेव्हा लिहायचे वरून खाली, आणि पुढे तर बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर. अशा ओळीत रुंद चित्र मावणार कसं? घोडा, हत्ती, वाघ यांची चित्रंही अशीच शेपटीवर उभी केलेली आढळतात. अंगठ्याएवढ्या जागेत हत्ती बसवायचा तर दुसरा उपाय नाही.

आता सावध व्हा, कारण या डोळ्याचे शेजारी फसवे आहेत. आत एकही रेघ नसली तर ते ‘तोंड’. एकच रेघ असली तर तो ‘सूर्य’, आणि ‘दिवस’सुद्धा. दोन असल्या तरच डोळा. एक रेघ विसरलात की डोळ्याचा सूर्य होतो! शिवाय लिहायचा क्रमही ठरलेला आहे. आधी डावी भिंत. मग छत आणि उजवी भिंत, हात न उचलता. मग आतल्या दोन रेघा. आणि सगळ्यात शेवटी तळाची रेघ. चिनी मुलांना शाळेत हेच शिकवतात की आधी आत शिरायचं आणि मग दार लावायचं. मोजा, हाताचे फटकारे पाच होतात.

हा डोळा दुसऱ्या अक्षरांतही जाऊन बसतो, आणि तिथे तो मला फार आवडतो. डोळ्याच्या वर हात ठेवला की होतं ‘पाहणं’. लांबचं बघताना आपण उन्हाला आडवा हात धरतो ना, तोच हा हात. डोळ्याच्या शेजारी पाण्याचे तीन थेंब काढले की झाले ‘अश्रू’. डोळ्याशेजारी ‘खाली लोंबणं’ दाखवणारं अक्षर आलं की ‘झोप’. पापण्या जड झालेल्या दिसल्या की नाही? डोळ्याच्या वर ‘हरवलं’ या अर्थाचं अक्षर ठेवलं की ‘दृष्टी नसलेला’. प्रत्येक चिनी अक्षर असं गोष्ट सांगत नाही. बहुतेकांमध्ये एक भाग अर्थाचा आणि दुसरा नुसता उच्चार सुचवणारा असतो. पण डोळ्याचं कुटुंब गोष्टीवेल्हाळ आहे.

इतकं शिकून समजा तुम्ही बीजिंगला गेलात, डोळ्यात कचरा गेला आणि डॉक्टरांना म्हणालात, ‘माझा मू दुखतोय.’ तर डॉक्टर गोंधळतील. आज बोलताना डोळ्याला कुणी ‘मू’ म्हणत नाही. म्हणतात ‘येनजिंग’. ‘मू’ हा जुन्या ग्रंथांतला, पंडितांच्या लेखणीतला डोळा. आपण तरी कुठे ‘माझा नेत्र लाल झालाय’ म्हणतो? पण नेत्रदान म्हणतो, नेत्ररोगतज्ज्ञ म्हणतो. ‘मू’चं अगदी असंच आहे. तो एकटा फिरत नाही, सोबत कुणी असलं की मात्र सगळीकडे हजर.

असं का झालं? त्यामागे एक मजेदार कारण आहे. बीजिंगच्या बोलीत वेगवेगळे ध्वनी-तुकडे, म्हणजे ‘मा’, ‘मू’, ‘लिंग’ असे, जेमतेम चारशेच्या आसपास. प्रत्येकाचे चढउतार धरले तरी हजार-तेराशे. आणि अक्षरं तर हजारो! मग एकाच उच्चारावर गर्दी होणारच. बरोब्बर याच उतरत्या सुरातला ‘मू’ म्हणजे डोळा, ‘मू’ म्हणजे लाकूड, ‘मू’ म्हणजे थडगं, ‘मू’ म्हणजे पडदा, ‘मू’ म्हणजे संध्याकाळ, आणि ‘मू’ म्हणजे गुरं चारणं. लिहिलेलं असलं तर प्रश्न नाही, सगळी अक्षरं निरनिराळी. पण कानाने ऐकणाऱ्याने काय करायचं? म्हणून बोलणाऱ्यांनी जोडशब्द वापरायला सुरुवात केली. दोन ध्वनी एकत्र आले की घोटाळा टळतो. फार पूर्वी यातल्या काहींचे उच्चार वेगळे होते, काहींच्या शेवटी ‘क’ होता. बीजिंगच्या बोलीत तो झिजून गेला. हाँगकाँगला मात्र आजही हे अक्षर ‘मुक’ असं वाचतात.

आणि ही जोडी-जोडीने जाणारी मंडळी बघा. डोळा आणि ‘समोर’ मिळून होतं ‘सध्या’. जे डोळ्यापुढे आहे ते आत्ताचं, किती सरळ! डोळा आणि ‘प्रकाश’ म्हणजे नजर. डोळा आणि ‘खूण’ म्हणजे लक्ष्य. घडलेली घटना ज्याच्या डोळ्यावर येऊन आदळली तो माणूस म्हणजे साक्षीदार. गंमत अशी की आपल्या ‘साक्षी’ शब्दातही संस्कृतमधला ‘अक्ष’, म्हणजे डोळा, लपलेला आहे. हिमालयाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या भाषा, पण साक्षीदाराकडे दोघींनी डोळाच मागितला.

आता येऊ या खऱ्या खजिन्याकडे. चिनी भाषेत ‘छंगयू’ नावाचा एक प्रकार असतो. आपल्या म्हणी-वाक्प्रचारांच्या जातीचा, पण बहुतेक वेळा मोजून चार अक्षरांचा. असे छंगयू हजारो आहेत आणि त्यातल्या पुष्कळांच्या पोटात एकेक जुनी गोष्ट दडलेली असते. गोष्ट माहीत नसेल तर चार अक्षरं कळूनही अर्थ कळत नाही. आणि आपला ‘मू’ या छंगयूंमध्ये ठाण मांडून बसलाय.

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे ‘ई ये जांग मू’ची. शब्दशः, ‘एक पान डोळा झाकतं’. ही गोष्ट ‘हसण्याचं रान’ या नावाच्या पुस्तकात आहे. हानदान छुन नावाच्या लेखकाने ते तिसऱ्या शतकात लिहिलं, आणि चीनमधलं सगळ्यात जुनं विनोदाचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं.

छू राज्यात एक गरीब माणूस होता. त्याने एका ग्रंथात वाचलं की प्रार्थनाकीटक, म्हणजे पुढचे दोन पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा, शिकारीसाठी एका पानाआड लपतो. ते पान मिळालं तर माणूसही अदृश्य होतो. झालं! हा झाडाखाली मान वर करून उभा. शेवटी दिसला एकदाचा किडा, दिसलं ते पान. याने ते तोडलं आणि हातातून सटकलं. खाली आधीच पाचोळा पडलेला. आता त्यातलं जादूचं पान कुठलं? याने सगळा पाचोळा झाडून, भरून घरी आणला. एकेक पान डोळ्यांपुढे धरायचा आणि बायकोला विचारायचा, ‘मी दिसतो का गं?’ ती म्हणायची, ‘दिसता.’ दुसरं पान. ‘आता?’ ‘दिसता.’ तिसरं, दहावं, पन्नासावं… दिवसभर हेच चाललं. शेवटी ती इतकी कंटाळली की म्हणाली, ‘नाही दिसत!’ हा खूश! ते पान घेऊन थेट बाजारात गेला आणि लोकांच्या समोर, त्यांच्याच डोळ्यांदेखत, दुकानातल्या वस्तू उचलायला लागला. शिपायांनी अर्थातच पकडला. न्यायाधीशाने सगळी हकिकत ऐकली, पोट धरून हसला आणि त्याला सोडून दिलं.

या छंगयूचा मोठा भाऊही आहे. डोळ्यावर एक पान आलं की थाय पर्वत दिसत नाही, असं तो सांगतो. थाय हा शांडोंग प्रांतातला चीनचा अतिशय पूज्य पर्वत, उंची दीड हजार मीटरहून थोडी जास्त. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे थाय त्याच्यापेक्षा जरासाच बुटका. एवढा डोंगर एका पानाआड? हो, आणि हे तुम्ही आज रात्री करून बघू शकता. एक डोळा मिटा, हात लांब करा आणि अंगठा चंद्रावर धरा. चंद्राचा व्यास जवळजवळ 3475 किलोमीटर, पण तुमच्या अंगठ्याआड तो अख्खा गायब! एखादी वस्तू केवढी दिसते ते तिच्या आकारावर आणि अंतरावर, दोन्हींवर अवलंबून असतं. जवळचं छोटं दूरच्या मोठ्याला सहज झाकतं. चिनी लोक हा छंगयू कुणासाठी वापरतात ते आता तुम्हीच ओळखाल. बारीकशा गोष्टीला चिकटून बसल्यामुळे ज्याला मोठी गोष्ट दिसत नाही, त्याच्यासाठी.

दुसरी गोष्ट एका सेनापतीची. तिसऱ्या शतकात चीनची तीन राज्यं होत होती, त्यातल्या वूच्या बाजूला ल्यू मंग नावाचा शूर सेनापती होता. लढायला पटाईत, पण पुस्तकांशी वैर. पुढे वूचा राजा झालेला सुन छुआन त्याला म्हणाला, वाचत जा. हा म्हणाला, लष्कराच्या कामातून वेळ कुठे मिळतो? सुन छुआनने विचारलं, माझ्यापेक्षा जास्त काम आहे का तुला? मी तर वाचतो! ल्यू मंग खजील झाला आणि वाचायला बसला. नुसता बसला नाही, बुडून गेला. इ. स. 210 च्या सुमाराला लू सू नावाचा मोठा अधिकारी त्याच्या छावणीवरून चालला होता. त्याच्या मते ल्यू मंग म्हणजे निव्वळ तलवारबहाद्दर. पण बोलायला बसल्यावर लू सू थक्कच झाला. हा तोच माणूस? तेव्हा ल्यू मंगने त्याला सुनावलं की शिकणारा माणूस तीन दिवसांनी जरी भेटला, तरी डोळे चोळून नव्याने बघावं. त्यातूनच आला ‘ग्वा मू शियांग खान’, म्हणजे डोळे चोळून पाहणं. गणितात मागे असलेल्या मुलीने पुढच्या वर्षी पहिला नंबर काढला, की तिच्यासाठी हा छंगयू अगदी चपखल. मला तो सगळ्या छंगयूंमध्ये सर्वांत उदार वाटतो. कुणाबद्दलही कायमचं मत करून बसू नका, असं तो सांगतो.

‘यू मू हुन जू’ म्हणजे मोत्यांमध्ये माशाचे डोळे मिसळणं. खोटा माल खऱ्यात खपवणं. पण माशाचा डोळा मोत्यासारखा दिसेलच कसा? तुमच्या घरी मासे शिजत असतील, किंवा तुम्ही कोकणातले, गोव्यातले असाल, तर उत्तर ताटातच आहे. शिजलेल्या माशाच्या डोळ्यात एक पांढरी, टणक, गोल गोळी असते. ते त्याचं भिंग. आपल्या डोळ्यातलं भिंग चपटसर असतं, कारण हवेतून आलेला प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदाच करून टाकतो. पाण्यात त्या पडद्याचं फारसं चालत नाही. मग सगळा भार भिंगावर येतो, म्हणून माशाचं भिंग पार चेंडूसारखं गोल. जिवंतपणी ते काचेसारखं नितळ असतं. उकळलं की त्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंततात, प्रकाश आरपार जाईनासा होतो, आणि भिंग पांढरं पडतं. अंड्यातला पांढरा भाग शिजल्यावर होतं तेच. खरा मोती मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ थरांचा असतो आणि व्हिनेगरमध्ये टाकला तर विरघळायला लागतो. (आईच्या मोत्यांवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही!)

‘शू मू त्सुन ग्वांग’ म्हणजे उंदराचा डोळा, एक त्सुनभर नजर. त्सुन हे चिनी माप, आजच्या हिशेबाने सुमारे 3.3 सेंटिमीटर. दूरचा विचार न करणाऱ्या माणसाला असं म्हणतात. उंदराची नजर आपल्यापेक्षा कितीतरी धूसर असते हे खरं, पण त्याच्यावर थोडा अन्याय होतोय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे आकाशातून झडप घालणारी घार त्याला मान वर न करता दिसते. आणि जवळचं तो मिशांनी चाचपतो.

‘ई मू शृ हांग’ म्हणजे एका नजरेत दहा ओळी. भरभर वाचणाऱ्याचं कौतुक. खरंच जमेल? आत्ता या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळा न हलवता दोन ओळी वरचं वाचून दाखवा. नाही ना जमत? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी स्वच्छ दिसणारी जागा फार लहान असते. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा भाग, बस्स. म्हणून वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो. शेजारी कुणी पुस्तक वाचत असेल तर हळूच त्याचे डोळे बघा, उड्या दिसतील.

आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी ‘मू बू शृ डिंग’, ज्याचा डोळा ‘डिंग’ हे अक्षरही ओळखत नाही. ‘डिंग’ लिहायला फक्त दोन फटकारे लागतात, एक आडवा आणि एक उभा. इतकं सोपं!

पण ‘मू’चा सगळ्यात लांबचा प्रवास अजून राहिलाच. मासेमारीचं जाळं डोळ्यांसमोर आणा. जाळ्याला जी छिद्रं असतात त्यांनाही चिनी लोक ‘मू’ म्हणतात, जाळ्याचे डोळे. आणि सगळं जाळं ज्या जाड दोरावर पेललेलं असतं तो दोर ‘गांग’. छंगयू सांगतो, ‘गांग ज्यू मू जांग’: दोर उचला, डोळे आपोआप उघडतील. मुख्य मुद्दा धरला की बारीकसारीक गोष्टी जागच्या जागी लागतात. इथून ‘मू’चा अर्थ झाला एकेक बाब, यादीतलं एकेक कलम. आणि म्हणून चिनी भाषेत कार्यक्रम, शीर्षक, प्रकल्प, अनुक्रमणिका या सगळ्या शब्दांत हा डोळा लुकलुकतोय.

सोळाव्या शतकात ली शीजन नावाच्या वैद्याने पंचवीसहून अधिक वर्षं खपून औषधी वनस्पती, प्राणी आणि खनिजांचा एक महाग्रंथ तयार केला. 1578 मध्ये तो लिहून पूर्ण झाला. त्यात 1892 औषधी द्रव्यांची माहिती आहे. एवढा पसारा मांडायचा कसा? त्याने मोठे विभाग केले, ते ‘गांग’. त्यांच्या खाली लहान नोंदी, त्या ‘मू’. ग्रंथाचं नावच ‘बनत्साओ गांगमू’. औषधांचं ज्ञान त्याने जाळ्यासारखं विणलं होतं.

आणि आता विज्ञानाच्या पुस्तकातलं सजीवांचं वर्गीकरण आठवा. संघ, वर्ग, गण, कुल… चीनमधली मुलं हेच शिकतात तेव्हा ‘वर्ग’ला म्हणतात ‘गांग’ आणि ‘गण’ला म्हणतात ‘मू’! वाघ, कुत्रा, अस्वल हे सगळे मांसाहारी गणातले, तर चिनी पुस्तकात ते ‘मांस खाणाऱ्यांच्या मू’मध्ये. मासेमारीच्या जाळ्यातला दोर आणि छिद्रं, आज जीवशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिली जातात. एका डोळ्याने इथवर मजल मारली याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात एखादं यंत्र किंवा खेळणं आलं असेल, तर खोक्यातलं अनेक भाषांतलं माहितीपत्रक शोधा. त्यात चिनी पानं असतील तर सुरुवातीची अनुक्रमणिका बघा. तिला चिनी भाषेत म्हणतात ‘मूलू’, जपानीत म्हणतात ‘मोकुजी’, आणि दोन्हींचं पहिलं अक्षर एकच: उभी चौकट, आत दोन रेघा. रेघा नीट मोजा मात्र. एकच असेल तर तो सूर्य आहे.